दोष आणि द्वेष

मोटरसायकलच्या शर्यतीत दोन स्वार एकमेकांवर आदळून ट्रॅकबाहेरच्या खडीत फेकले गेले, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘फार लागले तर नाही ना?’ त्यामागोमाग दुसरा येतो, ‘चूक कुणाची?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ‘त्याने मुद्दाम केले का?’ हा तिसरा प्रश्न जेव्हा पहिल्या दोघांना मागे सारून पुढे घुसतो, तेव्हा खेळ बाजूला पडतो आणि खटला सुरू होतो. शिवाय या खटल्यात पुरावा कुणालाच दाखवता येत नाही. कारण वाद असतो तो हेतूचा, आणि हेतू कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही.

मुळात टक्कर या खेळाच्या पोटातच आहे. मोटोजीपीच्या मोटरसायकलचे किमान वजन १५७ किलो. २०२३ मध्ये इटलीतील मुगेलो येथे ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकी स्वाराने ताशी ३६६.१ किलोमीटर इतका वेग गाठला होता. या गाड्यांना आरसे नसतात. सरळ पट्टा संपून वळण येते तेथे ब्रेक उशिरा दाबण्याचे धाडस जो करतो, तो पुढे निघतो. हे धाडस यशस्वी झाले तर टाळ्या मिळतात, तसूभर फसले तर दोघेही आडवे होतात. कौशल्य आणि आततायीपणा यांतील अंतर इतके थोडे असल्यामुळेच येथे दोषनिश्चिती आवश्यक ठरते. पंचांनी चौकशी करावी, शिक्षा द्यावी, यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो शिक्षेच्या पलीकडचा.

२००६ चा मोसम आठवून पाहा. पोर्तुगालमधील एस्टोरिलच्या शर्यतीला आले तेव्हा निकी हेडन हा अमेरिकन स्वार व्हॅलेंटिनो रॉसीच्या १२ गुणांनी पुढे होता. पाचव्या फेरीत त्याला पाडले ते कुणा प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर त्याच्याच होंडा संघातील दानी पेद्रोसाने! रॉसी दुसरा आला आणि हेडन ८ गुणांनी मागे पडला. हेडनचा संताप साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. विश्वविजेतेपद हातातून निसटताना माणूस चिडला, तर त्याला खिलाडूवृत्ती नाही असे म्हणणे हा अन्याय होईल. पेद्रोसाने माफी मागितली. दोनच आठवड्यांनी व्हॅलेन्सियाला रॉसी स्वतःच घसरून पडला, पेद्रोसाने आपल्या सहकाऱ्याची वाट अडवली नाही आणि तिसरा आलेला हेडन पाच गुणांनी विश्वविजेता झाला. राग खराच होता, पण त्याचे वैर झाले नाही.

माफी मागण्याचीही एक रीत असते. एप्रिल २०११ मध्ये स्पेनमधील हेरेझच्या ओल्या ट्रॅकवर रॉसी घसरला आणि केसी स्टोनरला सोबत घेऊन गेला. रॉसीने शर्यत पुरी केली, स्टोनरची मात्र तेथेच संपली. शर्यतीनंतर रॉसी माफी मागायला स्टोनरच्या पिटमध्ये गेला, तो डोक्यावर हेल्मेट तसेच ठेवून. तुमची महत्त्वाकांक्षा तुमच्या गुणवत्तेपेक्षा मोठी ठरली, अशा आशयाचा टोला स्टोनरने तिथल्या तिथे लगावला. क्षमा मागणाऱ्याचा चेहरा समोरच्याला दिसायला हवा, एवढी साधी गोष्ट नऊ विश्वविजेतेपदे मिळवलेल्या माणसालाही त्या दिवशी सुचली नाही.

हाच रॉसी २०१५ मध्ये दुसऱ्या बाजूला उभा राहिला. मलेशियातील सेपांगच्या शर्यतीआधी त्याने भर पत्रकार परिषदेत आरोप केला, की मार्क मार्केझ हा होर्हे लोरेन्झोला विजेतेपद मिळावे म्हणून आपल्या वाटेत येतो आहे. २५ ऑक्टोबरला शर्यतीत दोघांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा मागे टाकले आणि अखेर रॉसीने वळणावर मार्केझला बाहेरच्या कडेकडे रेटले. टक्कर झाली, मार्केझ पडला. रॉसीने लाथ मारली की नाही, यावर आजही वाद घालणारे भेटतात. पंचांनी रॉसीला तीन दंडगुण दिले. आधीचा एक धरून चार झाल्यामुळे व्हॅलेन्सियाच्या अखेरच्या शर्यतीत त्याला सर्वांत मागून सुटावे लागले. तो चौथा आला आणि लोरेन्झो पाच गुणांनी विजेता ठरला.

पंचांच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. लोकांच्या दृष्टीने ते तेव्हा कुठे सुरू झाले. पुढे कित्येक हंगाम इटलीत मार्केझ विजयमंचावर चढला की शिट्ट्या आणि हुर्यो ठरलेली. २०१८ मध्ये अर्जेंटिनात मार्केझच्या धक्क्याने रॉसी पडला. ही चूक निःसंशय मार्केझची होती आणि तीस सेकंदांच्या दंडामुळे तो पाचव्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरला. तो माफी मागायला रॉसीच्या पिटपाशी गेला, तर त्याला दारातूनच परत पाठवण्यात आले. तीन वर्षांपूर्वीचा हिशेब मनात धरला, की आजची माफीसुद्धा खोटी वाटू लागते.

दोष कशासाठी ठरवायचा, याचा विसर पडला की असे होते. तो ठरवायचा तो पुढच्या वळणावर कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. मार्को सिमोन्चेली या इटालियन तरुणावर २०११ च्या मोसमात बेदरकारपणाचा शिक्का बसला होता. लोरेन्झोने त्याच्यावर जाहीर टीका केली होती. मे महिन्यात ल मान्स येथे त्याच्याशी झालेल्या टकरीत पेद्रोसाचे गळपट्टीचे हाड मोडले आणि सिमोन्चेलीला दंड झाला. २३ ऑक्टोबरला सेपांग येथे दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी घसरली, पण बाहेर न जाता ट्रॅक ओलांडून आत आली. मागून येणारे कॉलिन एडवर्ड्स आणि रॉसी त्याच्यावर आदळले. सिमोन्चेली गेला, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी. रॉसी त्याचा जिवलग मित्र होता. या अपघातात दोष द्यावा असे कुणीच नव्हते. मुलाला गमावलेले वडील, पाओलो सिमोन्चेली, यांनी पुढे मुलाच्या ५८ या क्रमांकाचे नाव देऊन कोवळ्या स्वारांचा संघ उभा केला. या खेळाला बोल लावण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो त्यांना होता.

मिसानोच्या सर्किटला आज मार्को सिमोन्चेलीचे नाव आहे. त्याच सर्किटवर सप्टेंबर २०१८ मध्ये मोटो-टू गटाच्या शर्यतीत, आधीच्या धक्काबुक्कीने चिडलेल्या रोमानो फेनातीने शेजारून चाललेल्या स्तेफानो मान्झीच्या गाडीचा ब्रेक भर वेगात हात घालून दाबला! मान्झी पडला नाही, हे सुदैव. फेनातीवर बंदी आली, संघाने त्याला काढून टाकले. द्वेषाला हँडलपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी दिसले.

याचा अर्थ सगळे ‘खेळातले’ म्हणून सोडून द्यावे, असा नव्हे. मार्च २०२३ मध्ये पोर्तिमाओला मार्केझने मिगेल ऑलिव्हेराला त्याच्या घरच्याच शर्यतीत धडक दिली, चूक कबूल केली, माफीही मागितली. त्याला दिलेला दंड पुढे शब्दरचनेच्या वादात अपिलात रद्द झाला. कायद्याच्या अंगाने ते योग्यही असेल. परंतु दंड टळला म्हणून चूक टळत नाही, आणि चूक कबूल केली म्हणून दंड माफ व्हावा असेही नाही. खिलाडूवृत्ती म्हणजे शिक्षेतून सवलत नव्हे.

सुदैवाने, हे उमजल्याची खूण अलीकडेच दिसली. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडोनेशियातील मांडालिका येथे पहिल्याच फेरीत मार्को बेझेक्कीने मार्केझला मागून धडक दिली. हाच बेझेक्की २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत जिंकला होता. तो रॉसीच्या अकादमीत घडलेला स्वार. मार्केझने आठवड्यापूर्वीच विश्वविजेतेपद निश्चित केले होते. आता उजवा खांदा जायबंदी होऊन उरलेला मोसम त्याला मुकावा लागला. दहा वर्षांच्या जुन्या वैराला फोडणी द्यायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण बेझेक्कीने माफी मागितली, मार्केझने त्याचा हेतू वाईट नव्हता हे मान्य केले, पंचांनी बेझेक्कीला पुढच्या शर्यतीसाठी दंड दिला आणि त्याने तो निमूटपणे भोगला.

कुणी कुणाला मिठी मारली नाही, की कुणी चूक झाकली नाही. दोष जागच्या जागी राहिला, शिक्षाही झाली. शिट्ट्या मारायला टपलेल्या प्रेक्षकांना मात्र त्या दिवशी स्वारांनी काही शिल्लक ठेवले नाही. यापुढे कधी दोन गाड्या वळणावर भिडतील तेव्हा आपणही ‘लागले का?’ आणि ‘चूक कुणाची?’ या दोनच प्रश्नांवर थांबायला शिकले पाहिजे.