‘फणस’चा ‘फमस’ झाला, चूक कोणाची?



आधी एक कबुली देतो. मागच्या वर्षी मी आमच्या संगणक खोलीसाठी मराठी टायपिंगचा एक छोटा खेळ तयार केला होता. वरून शब्द पडत येतात, जमिनीला टेकायच्या आत ते टाईप करायचे. ब्राउझरमध्ये चालणारा, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, अगदी साधा. सगळ्या संगणकांवर मराठी कळफलक चालू केलेला नव्हता, म्हणून कोणत्या बटणाला कोणतं अक्षर हे इन्स्क्रिप्टप्रमाणे मीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं. मुलांना खेळ आवडला. पण वर्गात टायपिंगला सगळ्यात तयार असलेली मुलगी त्यात सारखी हरायला लागली.

‘खण’ लिहायला गेली की ‘खम’ उमटायचं. ‘फणस’चा ‘फमस’ व्हायचा. मी तिला दोनदा सांगितलं, “अगं, घाई करू नकोस, शिफ्ट नीट दाब.” तिसऱ्यांदा जरा आवाज चढवूनच सांगितलं. तिने उत्तर दिलं नाही, खेळ बंद केला आणि वही काढून बसली. एका बोटाने टकटक करणारी बाकीची मुलं मात्र ‘फणस’ बरोबर लिहीत होती.

चूक माझ्या प्रोग्रामची होती. कशी, ते बघा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘के’च्या बटणावर क आहे आणि शिफ्टसह ख. ‘सी’वर म आहे, शिफ्टसह ण. ‘के’ उजव्या हाताकडे, ‘सी’ डाव्या हाताकडे. टायपिंगच्या वर्गात आपण काय शिकवतो? उजव्या हाताचं अक्षर असेल तर शिफ्ट डाव्या हाताने धरायची, डाव्या हाताचं असेल तर उजव्या हाताने. तिने तेच केलं. डावी शिफ्ट धरून ख काढला, आणि डावी पूर्ण सुटायच्या आतच ण साठी उजवी शिफ्ट दाबली. हात सराईत असला की असंच होतं. माझ्या प्रोग्राममध्ये शिफ्टसाठी एकच खूण होती: कोणतीही शिफ्ट दाबली की ‘हो’, कोणतीही सोडली की ‘नाही’. डावी सुटली, प्रोग्रामने ‘नाही’ लिहून टाकलं. उजवी दाबलेलीच होती, पण ते विचारतो कोण! ण ऐवजी म आला.

म्हणजे जिने आम्ही शिकवल्याप्रमाणे दोन्ही शिफ्ट वापरल्या, तिलाच शिक्षा. एकच शिफ्ट वापरणारी मुलं पास. आणि वरून बोलणी खाल्ली तीही तिनेच.

या प्रकारामुळे माझं एक मत पक्कं झालंय. मुलांना गेम बनवायला शिकवताना आपण ‘बटण दाबलं की काय करायचं’ एवढंच शिकवतो. बटण दाबलेलं आहे की नाही, ही वेगळी गोष्ट आहे हे शिकवतच नाही. दाबणं ही घटना. दाबलेलं असणं ही स्थिती. शाळेची घंटा एकदा वाजते आणि संपते, ती घटना. स्टेशनवरचा तो दाबायचा नळ आठवा, जोवर दाबून धरलाय तोवरच पाणी. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट ही बटणं त्या नळासारखी आहेत. कॅप्स लॉक पंख्याच्या बटणासारखं, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. हा फरक पाचवीचं पोरही पटकन सांगतं, पण प्रोग्राम लिहिताना आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

यात मुलांचा दोष नाही. बहुतेक मुलं स्क्रॅचवरून सुरुवात करतात. तिथे बटणांच्या यादीत स्पेस आहे, बाण आहेत, अक्षरं आणि अंक आहेत. शिफ्ट नाहीच. मग जावास्क्रिप्ट किंवा पायथनवर आल्यावर ती पहिल्यांदा भेटते, आणि मुलं (आणि माझ्यासारखे सरही) तिला अजून एक साधं बटण समजतात.

आता दुरुस्तीची गोष्ट ऐका, कारण तीही सरळ झाली नाही. मी आधी हुशारी केली. डाव्या शिफ्टची खूण वेगळी, उजवीची वेगळी, दोन्हींपैकी एक ‘हो’ असली तरी शिफ्ट आहे असं धरायचं. ‘फणस’ बरोबर यायला लागला. मी खूश. दोन दिवसांनी तीच मुलगी आली. “सर, आता सगळंच शिफ्टमधून येतंय.” ‘कमल’ लिहिलं तर ‘खणळ’! तिने आईला दाखवायला गुणांचा स्क्रीनशॉट घेतला होता. विंडोजवर त्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबतात. स्क्रीनशॉटचा पडदा पुढे आला, शिफ्ट सोडल्याचा निरोप त्या पडद्याकडे गेला, माझ्या खेळाला कळलंच नाही. त्याच्या वहीत शिफ्ट अजून दाबलेलीच.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हजेरीच्या वहीवर विश्वास ठेवण्यापेक्षा वर्गात डोकावून बघावं. ब्राउझरमध्ये प्रत्येक बटणाच्या निरोपासोबतच ‘शिफ्टकी’, ‘कंट्रोलकी’, ‘ऑल्टकी’ अशी उत्तरं आयती येतात: या क्षणी शिफ्ट दाबलेली आहे का, हो किंवा नाही. डावी असो की उजवी. मी माझ्या खुणा पुसून टाकल्या आणि अक्षर आलं की त्याच्याच निरोपातलं उत्तर वाचायला लागलो. प्रोग्राम आठ ओळींनी कमी झाला.

पायथनच्या पायगेममध्ये हेच जास्त गमतीशीर आहे, कारण तिथे थोडं गणितही शिकवता येतं. डाव्या शिफ्टला 1, उजवीला 2, डाव्या कंट्रोलला 64, उजव्याला 128 अशा किमती आहेत. सगळ्यांची बेरीज एकाच संख्येत मिळते. दोन्ही शिफ्ट दाबल्या तर 3. डावी शिफ्ट आणि डावा कंट्रोल, 65. बेरजेवरून मुलांना उलटं ओळखायला सांगा, 130 म्हणजे काय? द्विमान पद्धतीचा धडा इतका हातात धरून शिकवता येतो हे मला आधी माहीत नव्हतं.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. ‘आत्ता शिफ्ट दाबलेली आहे का’ आणि ‘हे अक्षर दाबलं तेव्हा शिफ्ट दाबलेली होती का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या शाळेतले संगणक जुने, खेळ मध्येच अडखळतो. अक्षराचा निरोप रांगेत थांबतो, आणि त्याचा नंबर लागेपर्यंत बोट उचललेलं असतं. म्हणून पायगेममध्ये टायपिंगसाठी त्या निरोपातच आलेला ‘मॉड’ वाचायचा. ‘गेट मॉड्स’ने आत्ताची स्थिती विचारायची ती शिफ्ट धरून पळणाऱ्या खेळाडूसाठी. विंडोजमध्ये या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळी फंक्शन्सच आहेत.

पळणाऱ्या खेळाडूवरून आठवलं. चालणं-पळणं असलेल्या खेळात कोणती बटणं दाबलेली आहेत याची वही ठेवावीच लागते. तिथे मुलं हमखास एका खड्ड्यात पडतात. ‘डी’ दाबून खेळाडू उजवीकडे चालवला, चालताना शिफ्ट दाबली, मग ‘डी’ सोडलं. दाबताना ब्राउझरने सांगितलं लहान ‘डी’, सोडताना सांगितलं मोठं ‘डी’. प्रोग्रामच्या लेखी लहान ‘डी’ कधी सुटलंच नाही, आणि खेळाडू भिंतीला डोकं आपटत चालतच राहतो. उपाय: उमटणारं अक्षर न धरता बटणाची जागा धरायची, तिथे ‘कोड’ वापरायचा. आणि खेळाची खिडकी मागे गेली, म्हणजे ‘ब्लर’ झालं, की वही कोरी करायची. (वाकण्यासाठी कंट्रोल आणि पुढे जाण्यासाठी ‘डब्ल्यू’ अशी जोडी मात्र ब्राउझरमधल्या खेळात देऊ नका. मुलगा वाकून पुढे निघाला की टॅबच बंद होतो. एका पोराचा अख्खा प्रकल्प सादरीकरणात असा गायब झालेला मी पाहिलाय.)

काही सहकारी म्हणतात, आठवीच्या मुलांना एवढं खोलात कशाला, खेळ चालला म्हणजे झालं. मला हे पटत नाही. खेळ चालला, पण कोणाच्या हातात? शिफ्ट पाचदा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ सुरू करायचं का असं विचारतं. मुलं हसतात, मुद्दाम दाबून शेजाऱ्याला त्रास देतात. ती सोय आहे ती दोन बटणं एकत्र धरता येत नाहीत अशांसाठी. आपल्या वर्गात असं मूल असेल, तर ‘शिफ्ट धरून पळा’ सोबत ‘एकदा दाबून पळा’ हा पर्याय द्यायला दोन ओळी लागतात. ते सुचण्यासाठी आधी घटना आणि स्थिती यांतला फरक मनात बसलेला हवा.

मी त्या मुलीची माफी वर्गासमोरच मागितली, कारण बोललोही वर्गासमोरच होतो. आता नवीन खेळ तयार झाला की पहिल्यांदा तिच्याकडे देतो. ती आधी ‘फणस’ लिहून बघते, मग स्क्रीनशॉट घेऊन ‘कमल’. मागच्या आठवड्यात तिने तिसरी चूक काढली. कॅप्स लॉक चालू असताना एका मुलाच्या खेळात उडी मारताच येत नव्हती. त्याने ‘उडी’ लहान ‘जे’वर ठेवली होती.