वाफ हरवलेली युद्धनौका

‘स्टीमपंक’ म्हणजे वाफेच्या युगावर रचलेली कल्पित सृष्टी. वीज आणि पेट्रोल यांनी जगाचा ताबा घेण्याऐवजी वाफच सर्वशक्तिमान झाली असती तर? या एका ‘तर’वर तिचा सारा डोलारा उभा आहे. पितळी नळ्या, रिव्हेट ठोकलेले पत्रे, आकाशात तरंगणारी चिलखती जहाजे. आजच्या धाग्यात अशा सृष्टीतल्या एका चिमुकल्या युद्धनौकेचे परीक्षण करायचे आहे. तिच्या निमित्ताने, मुंबई बंदरात तीसेक वर्षे उभ्या असलेल्या दोन खऱ्या नौकांची गाठही घालून देणार आहे.

खेळाचे नाव ‘डिस्टोपियन वॉर्स’. मेजावर मांडून, फासे टाकून खेळायचा हा आरमारी युद्धखेळ स्पार्टन गेम्स या इंग्लिश कंपनीने २०१० साली आणला. २०१७ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि खेळ वॉरक्रेडल स्टुडिओजकडे गेला. कथेचा काळ १८७०चे दशक. माझ्यापुढे आहे ती जुन्या, स्पार्टनच्या आवृत्तीतील ब्रिटानिया पक्षाची युद्धनौका. सांगाडा रेझिनचा, तोफांचे बुरूज आणि बारीकसारीक भाग धातूचे. प्रमाण एकास बाराशे.

कारागिरीबद्दल तक्रारीला जागा नाही. तळहातावर मावणाऱ्या या नौकेला जे वजन आहे, जो बेदरकार ताठा आहे, तो चांगल्या शिल्पातच सापडतो. पुढचा भाग नांगराच्या फाळासारखा, बुरुजांची रांग एकावर एक चढत गेलेली, मागे जाडजूड धुराडी. पातळ केलेल्या काळ्या रंगाचा एक हात दिला की पत्र्यांच्या सांध्यांत छाया उतरते आणि नौका जिवंत होते. सुट्टीतले दोन दिवस यात सुखाने जातात.

आता थोडे गणित करू. एकास बाराशे या प्रमाणात नौकेवरचा पाव मिलिमीटरचा रिव्हेट खऱ्या नौकेवर तीस सेंटिमीटरचा होतो. म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा! अर्थात हा दोष नव्हे. खऱ्या मापाचा रिव्हेट डोळ्यांना दिसणारच नाही आणि चित्रकार जशी भुवई ठळक करतो तसा शिल्पकार रिव्हेट ठळक करतो. माझा आक्षेप वेगळा आहे. पाण्याच्या वर या नौकेची जी उंची आहे आणि त्या उंचीवर जे लोखंड रचले आहे, ते खरोखरच्या समुद्रात तोलून धरता येणार नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. १८७० साली हा प्रयोग प्रत्यक्ष होऊन गेला. फिरत्या बुरुजाचा कट्टर पुरस्कर्ता कॅप्टन कूपर कोल्स याने ब्रिटिश आरमाराकडून ‘कॅप्टन’ नावाची नौका बांधवून घेतली. तिच्यावर लोखंडी चिलखताचे अवजड बुरूज होते आणि शिवाय पूर्ण उंचीच्या डोलकाठ्या नि शिडेही होती. आरमाराचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड या योजनेच्या विरोधात होता. बांधकामात वजन वाढत गेले आणि नौका ठरल्यापेक्षा खोल बसली. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटे, स्पेनच्या फिनिस्टेअर भूशिराजवळ वादळी वाऱ्यात ती कलंडली. सुमारे ४८० माणसे बुडाली. त्यांत कोल्स स्वतःही होता.

त्या काळच्या नौकांना आकार दिला तो अशा हिशेबांनी. चिलखत वाढवले तर नौका खोल बसते. ती खोल बसली की लाटा वर चढतात. तरंगण्यासाठी काठ उंच करावा तर चिलखताने झाकायचे क्षेत्रफळ वाढते आणि पुन्हा वजन वाढते. शिडे ठेवली तर तोफांचा मारा अडतो, काढली तर कोळसा संपल्यावर समुद्रात नुसते तरंगत राहायचे. या कोंडीतून प्रत्येक देशाने आपापली वाट काढली. रशियन ॲडमिरल पोपोव्हने तर थेट वर्तुळाकार नौका बांधली. १८७३ साली पाण्यात उतरलेली ‘नोव्हगोरोद’ वरून पाहिली तर तरंगती परात वाटावी! कोणत्याही स्टीमपंक शिल्पकाराने हे धाडस केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

याच कोंडीचे एक उत्तर मुंबईच्या वाट्याला आले. बंदराच्या रक्षणासाठी हिंदुस्थान सरकारकरिता इंग्लंडमध्ये दोन चिलखती नौका बांधण्यात आल्या आणि १८७०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यात उतरल्या: ‘ॲबिसिनिया’ आणि ‘मॅग्डाला’. नावे आली ती १८६८च्या ॲबिसिनिया मोहिमेवरून. त्या मोहिमेचे सैन्य मुंबईहूनच निघाले होते. प्रत्येकीवर दोन फिरते बुरूज, प्रत्येक बुरुजात दहा इंची दोन तोफा आणि एकेका तोफेचे वजन अठरा टन. गती दहा नॉटच्या आसपास. समुद्रावरून येताना ‘मॅग्डाला’ला तात्पुरती शिडे चढवली होती. मुंबईला पोहोचल्यावर मात्र तोफांच्या सरावापुरते क्वचित बाहेर पडणे सोडले, तर तिचे सारे आयुष्य बंदरातच गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी दोघीही भंगारात निघाल्या. त्यांच्या जातीची तिसरी नौका, ‘सर्बेरस’, ऑस्ट्रेलियाला मिळाली. तिचा गंजका सांगाडा मेलबर्नजवळच्या उपसागरात आजही आहे.

‘मॅग्डाला’ २२५ फूट लांब होती. एकास बाराशे प्रमाणात तिची प्रतिकृती केली तर ती सत्तावन्न मिलिमीटर भरेल आणि पाण्यावर दिसणारा तिचा काठ एक मिलिमीटरचाही नसेल. एक चपटी पट्टी, तिच्यावर दोन गोल डबे, मधे एक धुराडे. दुकानातल्या फळीवर ती कुणी उचलणार नाही हे मला मान्य आहे. पण त्या चपटेपणात तिची सारी बुद्धी आहे. शत्रूला नेम धरायला जागाच द्यायची नाही, हा तिच्या रचनेचा अर्थ. आपल्या देखण्या स्टीमपंक नौकेला असा अर्थ नाही, कारण तिला कशाची किंमतच मोजावी लागत नाही.

ही किंमत म्हणजे मुख्यतः कोळसा, आणि इथे हे परीक्षण खेळण्याच्या पलीकडे जाते.

मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली. एडनपर्यंतचा कोळसा तिच्या कोठारात मावत नव्हता, म्हणून तो केबिनांतही भरला गेला. एडनला पोहोचेपर्यंत साठा जवळजवळ संपला होता आणि तिथे नव्याने कोळसा चढवण्यात बरेच दिवस मोडले. महिन्याभरात सुएझ गाठता येते हे सिद्ध झाले. वाटेत कोळशाची हक्काची वखार हवी, हेही त्याच सफरीने सिद्ध झाले. पुढे ‘दर्या दौलत’ या ब्रिटिश निशाणाच्या जहाजाची एडनजवळ लूट झाली. ते निमित्त पुरेसे होते. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने लहेजच्या सुलतानाचे एडन जिंकले. पुढे १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईच्या अखत्यारीत होता. एक बंदर आणि तिथली माणसे परक्या सत्तेखाली गेली, त्यामागे बॉयलरची भूक हे मोठे कारण होते.

खेळात ही भूक कशी भागते? मूळ आवृत्तीच्या कथेत ‘स्टर्जिनियम’ नावाचे कल्पित मूलद्रव्य आहे. ते अंटार्क्टिकात सापडते, त्याच्यापासून अफाट ऊर्जा मिळते आणि ब्रिटानियाच्या नौकांना तोफगोळे अडवणारी ढालयंत्रेदेखील मिळतात. योजना चतुर आहे. पण जागेची निवड पाहा. पृथ्वीवर जिथे मूळचा एकही रहिवासी नाही, असा एकमेव खंड! तिथून इंधन आणायचे तर कुणाचे बंदर घ्यावे लागत नाही, कुणा सुलतानाशी तह मोडावा लागत नाही. लेखकांनी हे हेतुपूर्वक केले असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र असा झाला की साम्राज्याचा थाट शाबूत राहिला आणि साम्राज्याचे कारण नाहीसे झाले.

‘खेळच तो, एवढे काय मनावर घ्यायचे?’ असे उत्तर येईल. बुद्धिबळातल्या उंटाला चारा कोण घालतो, हे आपण विचारत नाही, हेही खरे. पण बुद्धिबळ इतिहासाचा वेश घेऊन येत नाही. हा खेळ राणी व्हिक्टोरियाचे युग, खरी राष्ट्रे आणि खरी दशके घेऊन येतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात १८७०चे पहिले चित्र कदाचित यातूनच उमटते, आणि पहिले चित्र सहजी पुसले जात नाही.

त्या चित्रातून माणूसही गळला आहे. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश प्रवासी जहाजांवर सारंग, टंडेल, खलाशी यांची एक मोठी उतरंड असे. डेकवर रत्नागिरीकडची माणसे, भोजनकक्षात गोव्याची, आणि तळाशी भट्टीवर बहुधा पंजाब-सरहद्दीकडची. भट्टीवाल्यांना ‘आगवाले’ म्हणत. इंग्रजी दप्तरांतसुद्धा हाच शब्द आहे. तांबड्या समुद्रातला उन्हाळा, वरती तापलेले लोखंड, समोर उघडे भट्टीचे तोंड आणि हाती फावडे. वाफेचे युग म्हणजे हे होते. धुराड्यातून निघणारा धूर कापसाचा करून चिकटवता येतो. त्या धुराखाली कुणीतरी उभे आहे, ही जाणीव नियमपुस्तकात एका वाक्यानेही येत नाही.

जाता जाता, कुणा कल्पक मुलाला या सृष्टीत भारतीय नायक हवा असेल तर तो कल्पिण्याची गरज नाही. मुंबई गोदीच्या वाडिया घराण्यातील अर्देशिर करसेटजी यांनी १८३४ साली माझगावचे आपले घर वायुदिव्यांनी उजळले, १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि मुंबईतील कंपनीच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी युरोपीय सहायकांवर अधिकार चालवला. सागवानी जहाजे बांधण्यात जिने नाव कमावले, त्या गोदीचा हा वारस वाफेकडे वळला होता. तरी लोखंडाचे युग आले तेव्हा मुंबईच्याच रक्षणाच्या नौका टेम्सच्या काठी बांधल्या गेल्या. यावर कुणी खेळ रचला तर पहिला डाव मी मांडीन.

तर, ही नौका घ्यावी का? शिल्प म्हणून जरूर घ्यावी. रंगवायला उत्तम आहे आणि मेजावर शोभते. खेळताना मात्र घरचा एक नियम जोडून पाहा: प्रत्येक नौकेला कोळशाचे दहा ठोकळे द्या, दर चालीला एक उचला, पूर्ण वेगाने जायचे असेल तर दोन. मेजाच्या एका कोपऱ्यात एक बंदर ठेवा, जिथे ठोकळे पुन्हा भरता येतील. ते बंदर सुरुवातीला दोन्ही खेळाडूंपैकी कुणाचेच नसेल. चौथ्या-पाचव्या चालीला दोन्ही आरमारे कुठे वळतात ते पाहा.