विश्लेषण : शंभर शाखा, एकच कळ... घाई नको, ती का?

मुख्यालयात बसून सगळ्या शाखांतील संगणक सांभाळणारी प्रणाली आता बँका, रुग्णालये, कारखाने आणि सरकारी कार्यालयांची गरज झाली आहे. एक कळ दाबली की हजारो संगणकांवर अपडेट जाते, हा तिचा फायदा. चूकही त्याच वेगाने जाते, हा धोका. त्यामुळे ‘एका दिवसात सगळीकडे’ हा व्यवस्थापनाचा आग्रह अंगलट येऊ शकतो.

क्राउडस्ट्राइक प्रकरणात काय घडले?

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी सदोष अपडेट पाठवले. ते ७८ मिनिटांत मागे घेतले गेले. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. संगणक सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस पाठवावा लागला. चूक दीड तासाच्या आत पसरली, निस्तरायला मात्र कित्येक दिवस गेले. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरवले.

प्रत्येक शाखेत सर्व्हर हवा का?

बहुतेकदा नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’मध्ये एकच मुख्य सर्व्हर-केंद्र दीड लाखापर्यंत विंडोज संगणक सांभाळू शकते. खरी अडचण शाखेपर्यंत जाणाऱ्या लाइनची असते. समजा, तालुक्याच्या शाखेत ६० संगणक आहेत, लाइन १० एमबीपीएसची आहे आणि अपडेट ५०० एमबीचे आहे. प्रत्येक संगणकाने ते मुख्यालयातून स्वतंत्रपणे घेतले, तर पूर्ण लाइन वापरूनही सहा तास चाळीस मिनिटे लागतील. तोवर काउंटरवरचे ग्राहक खोळंबतील. तेच अपडेट शाखेतील एका संगणकावर एकदाच उतरवून बाकीच्यांना तिथूनच वाटले, तर लाइन जेमतेम सात मिनिटे अडते. म्हणून महागडे सर्व्हर घेण्याआधी प्रत्येक शाखेची लाइन मोजणे आणि तिथल्या संगणकांची यादी करणे गरजेचे आहे.

टप्पे कसे असावेत?

पहिला मान आयटी विभागाच्याच संगणकांचा. बिघाड झालाच, तर तो दुरुस्त करणाऱ्यांच्या समोर व्हावा. त्यानंतर दोन-तीन शाखा निवडाव्यात. त्यात एक दूरची, कमकुवत लाइनची आणि जुन्या संगणकांची असलीच पाहिजे. फक्त नव्या, चकचकीत कार्यालयात केलेली चाचणी फसवी ठरते. पासबुक छापणारा प्रिंटर चालतो का, हे शाखेतच कळते. पुढे विभागवार विस्तार करावा. महिनाअखेर आणि ३१ मार्चच्या आसपास मात्र काहीच हलवू नये.

उशिराचा धोका नाही का?

आहे, आणि हा आक्षेप रास्त आहे. ‘वॉनाक्राय’ व्हायरसने १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार माजवला. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती दोन महिने लावली नाही, त्यांना फटका बसला; ब्रिटनची सरकारी रुग्णालयेही त्यात होती. म्हणजे टप्पे हवेत, पण सुरक्षेच्या अपडेटसाठी ते काही दिवसांचे असावेत, महिन्यांचे नव्हे.

मग कळीचा मुद्दा कोणता?

थांबवण्याचा अधिकार कोणाला, हा. बहुतेक आराखड्यांत सुरुवातीची तारीख ठळक असते. रात्री दोन वाजता गडबड दिसली, तर वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता काम कोण रोखेल, हे मात्र लिहिलेले नसते. ते नाव आणि फोन नंबर प्रत्येक शाखेत कागदावर हवा, कारण संगणक बंद पडल्यावर संगणकातली यादी उघडणार नाही. त्या कागदाविना कळ दाबण्याची परवानगी देणे हा संचालक मंडळाचा बेजबाबदारपणाच म्हणावा लागेल.