इग्वानाचा राग
हिरवा इग्वाना पाळणारे हल्ली पुण्या-मुंबईतही भेटतात, आणि त्यांची तक्रार एकच: पठ्ठ्या अंगावर येतो. येणारच! त्याच्या डोक्यावर मधोमध तिसरा डोळा असतो. त्या डोळ्याला चित्र दिसत नाही, पण सावली बरोबर कळते. वरून आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा शिकारी पक्षीच. हात बाजूनं, सावकाश न्यावा. गळ्याखालची झालर ताणून, अंग चपटं करून तो शेपटी उगारू लागला, की मुकाट मागं सरावं. विणीच्या हंगामात नर केशरी दिसू लागतो, तेव्हा तर त्याच्या वाटेला जाऊच नये. दाबून धरून त्याला वठणीवर आणणं हा निव्वळ छळ आहे. दीड मीटर वाढणाऱ्या या प्राण्याला जागा, ऊब आणि वेळ देता येत नसेल, तर तो घरी आणूच नका.