गळका जोड आणि कांद्याचा भाव



देवळाली कॅम्प, भगूर, लहवित या बाजूला एप्रिल-मे महिन्यात उन्हाळ कांदा चाळीत भरला जातो. कशासाठी? काढणीच्या गर्दीत पडेल त्या भावाला मान हलवावी लागू नये म्हणून. 1980 साली नाशिकच्या शेतकऱ्याने कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला. भाव येईपर्यंत थांबण्याची ताकद म्हणजे चाळ. ती ताकद पहिल्या पावसात बोटभर फटीतून गळून जाते.

आम्हीही ही चूक केली आहे. आधी कांदा भरला, मग गळती शोधत बसलो. एक सडला, त्याने शेजारचे सडवले. लोक म्हणाले, आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? आमचे म्हणणे असे की, आभाळ फाटले नव्हते, जोड फाटला होता.

पत्रा सहसा मधोमध गळत नाही. तो गळतो आढ्यावर, बोल्टाच्या भोकाशी आणि पाखे भिंतीला टेकते तिथे. आपण तिथे डांबर फासतो. उन्हाने पत्रा ताणतो, रात्री आकसतो आणि डांबराला भेग पडते. खरा इलाज म्हणजे भिंतीत खाच पाडून पत्र्याच्या पट्टीची वरची कड तिच्यात बसवायची, खालची कड छपरावर वीतभर आणायची आणि खाच सिमेंटने बुजवायची. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, पाणी वाहते त्या खोलगटात नको. वॉशर झिजला की बदलावा.

थेंब पडतो तिथेच भोक असते असे नाही. पाणी अँगलवरून वाहत जाऊन भलतीकडे टपकते. म्हणून चाळ रिकामी असतानाच एकाने आत उभे राहावे, दुसऱ्याने शिडीवरून नळीने पाणी सोडावे. सुरुवात वळचणीपासून, एकेका जोडावर पाच-दहा मिनिटे थांबत वर सरकावे. वरून सुरुवात केली तर सगळेच ओले होते, चोर सापडत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. तो फुटतो आणि माणूस खाली येतो.

भावासाठी सरकारशी भांडायचे ते भांडूच. पण पाण्याची ही परीक्षा झाल्याशिवाय मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही, एवढे प्रत्येक गावाने या बैठकीत ठरवावे. बाजारात ताठ मानेने थांबायचे, तर आधी छप्पर कोरडे हवे.