आजार कळण्याआधी

भातलावणीच्या दिवसांत घोणस चावली की घाव पायाला दिसतो, पण पुढे धोका मूत्रपिंडांना असतो. लेप्टो आणि मलेरियाही मूत्रपिंडं निकामी करू शकतात. सरावली-बोईसर भागात मूत्रपिंडविकारांचा विषय शहरी मधुमेहापुरता ठेवून चालणार नाही.

म्हणून या अंकात डॉ. विद्या आचार्य यांच्या कामाची आठवण. भारतातल्या पहिल्या स्त्री मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी मूत्रपिंडविकार विभागाचं प्रमुखपद सांभाळलं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावर संशोधन केलं. हा विषय त्यांनी निवडला, याचं मला फार मोल वाटतं. लघवीची जळजळ बायका मुकाट्याने सोसतात. संसर्ग वारंवार वर चढला तर मूत्रपिंडाला इजा होते.

याच केईएममध्ये १९६५ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातला मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. १९९४च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि मरणोत्तर अवयवदानाची वाट खुली झाली. तरी बहुतेक रुग्णांच्या वाट्याला डायलिसिसच येतं: आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, शिवाय जाण्यायेण्यात बुडालेली मजुरी.

ही वेळ टाळायची तर आजार लवकर कळायला हवा. पण रक्तातलं क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी ताकद गेलेली असू शकते. लघवीतली प्रथिनं बरीच आधी इशारा देतात. ही तपासणी स्वस्त आहे. मधुमेह, रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची ती वर्षातून एकदा गावातच व्हावी, अशी आमची आरोग्य यंत्रणेकडे मागणी आहे.