राजकन्या असल्याचा दाखला

मस्तानी राजकन्या होती की नाचणारी? पुण्यातले शहाणे ह्यावर अजून भांडतात. 2015 च्या डिसेंबरात भन्साळीचा सिनेमा आला तेव्हा तर विचारूच नका. काशीबाई नाचलीच कशी, पेशव्यांच्या घरची बाई पिंगा घालेल काय, म्हणून केवढी बोंबाबोंब. मस्तानी नाचली ह्याचं मात्र कुणाला काही वाटलं नाही. तिचं कामच ते, असं ह्यांचं म्हणणं.

सिनेमावाल्यानं तिला छत्रसालाची पोर केली, हातात तलवार दिली. आता प्रेक्षक रडायला मोकळा. जुन्या मराठी कागदांत तिला कलावंतीण म्हटलंय. मग तिच्या बाजूचे चवताळून उठतात. नाय नाय, राजकन्याच, हे घ्या पुरावे. मी म्हणतो, पुरावे कशाला पाहिजेत? कलावंतीण असली तर तिला डांबायचा हक्क मिळतो काय? बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल, हा ह्यांचा जुना कायदा. आपण पिढ्यान् पिढ्या तो सोसलाय दोस्तांनो.

मी कोथरूडात राहतो, सुतारदऱ्याच्या वस्तीत. गिरणीची पाळी सुटली की कर्वे रस्त्यानं मृत्युंजयेश्वराच्या देवळावरून घरी येतो. ह्याच कोथरूडात 1734 साली बाजीरावानं तिला वेगळं घर बांधून दिलं. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचं गाव. शनिवारवाड्याला आजही मस्तानीच्या नावाचा दरवाजा आहे, पण घरात तिला जागा नव्हती. बाहेर ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजवायला नको.

तरी तिचं दुःख आणि आपलं मी एका तागडीत घालत नाही. तिला वाडा होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला त्याच पेशवाईत काय होतं, ते बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलंय. गळ्यात मडकं, कमरेला झाडू.

बाजीराव मोहिमेवर गेला आणि घरच्यांनीच, नानासाहेब आणि चिमाजीअप्पांनी, तिला कैद केली. 28 एप्रिल 1740 ला बाजीराव रावेरखेडीला मेला. त्याच वर्षी तीही गेली. कबर पाबळला आहे. बाजीरावाच्या रक्ताचा पोरगा समशेर बहादूर ब्राह्मणांना ब्राह्मण म्हणून चालला नाही. 1761 ला पानिपतावर लढायला मात्र चालला! तिथल्या जखमांनीच तो मेला. मरायला जात आडवी येत नाही.

आणि आता हेच पुणं आइस्क्रीम घातलेल्या दुधाला मस्तानी म्हणतं आणि चमच्यानं खातं. तिच्या घराचे खांब-कमानी केळकर संग्रहालयात उभे केलेत, बाजीराव रोडला लागून. बाई गिळली, लाकूड जपलं.

पान खाल्लं की तिच्या गळ्यातून उतरणारा रस दिसायचा, एवढी गोरी, असं सांगतात. सांगणाऱ्याच्याच तोंडाला पाणी सुटलेलं असतं. राजकन्या म्हणजे गोरी, नाजूक, कुणीतरी सोडवायची वाट बघणारी. माझी आई चार सोसायट्यांत धुणीभांडी करते. त्यातल्या एका ठिकाणी तिला लिफ्ट वापरू देत नाहीत. पाच मजले चढते. तिच्या गळ्यातून काय उतरतं ते कुणी बघितलंय?

पवळा घ्या. हिवरगावची, महाराची पोर. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण तिच्यासाठी फडात उतरला, पठ्ठे बापूराव झाला. ब्राह्मण पुरुष, जातीबाहेरची कलावंतीण. गोष्ट तीच की! पण हिला राजकन्या करणार कशी? कागदच नाही. म्हणून ती बापूरावाच्या चरित्रातलं एक प्रकरण होऊन राहिली. फड तिच्या नावावर भरायचे, हे सोयीनं विसरायचं.

आणि मुक्ता साळवे. मांगाची, फुल्यांच्या शाळेतली, चौदा वर्षांची. 1855 साली ज्ञानोदयात तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. गुलटेकडीच्या मैदानात आमच्या माणसांच्या मुंडक्यांचे चेंडू करून खेळत होते, हे तिनं ह्याच पुण्यात बसून लिहिलं. भ्यायली नाही. तिला सोडवायला कुणी घोड्यावरून येणार नव्हतं, आणि ती वाटही बघत नव्हती.

आमच्या वस्तीतल्या पोरी गॅदरिंगला मस्तानी होतात. ड्रेस भाड्यानं मिळतो, दागिन्यांसकट. माझी धाकटी बहीण यंदा म्हणाली, मी मुक्ता होणार. बाईंनी विचारलं, तिचा ड्रेस कुठं मिळतो?